कंडक्टरचा जबडा

डॉक्टर मॅडम, सप्रेम नमस्कार.

तुम्ही मला काका म्हणता, पण मी मॅडमच म्हणणार. कराड-चिपळूण गाडीवर मी बत्तीस वर्षं तिकिटं फाडली. कुंभार्ली घाटात इंजिनाच्या वरताण ओरडून माणसं उतरवली. तोच जबडा बहात्तराव्या वर्षी असा धरला की जांभई आली तरी धास्ती वाटायची. भाकरी दुधात कुस्करून खायचो. बोलणं कमी झालं तर घरच्यांना वाटलं, म्हातारा रुसलाय.

तुमच्याकडे येण्याआधी तीन महिने मी कानात थेंब घालत होतो. दुखायचं कानाच्या पुढ्यात, पण मला वाटायचं कानच दुखतोय, आणि जिथे दाखवलं तिथे त्यांनाही तसंच वाटलं. तुम्ही कानापुढे दोन बोटं टेकवून "उघडा, मिटा" म्हणालात. मग माझीच बोटं तिथे धरलीत. आत कट्‌ झालेलं मला पहिल्यांदा हाताला लागलं. तिथे सांधा असतो, त्यात चकती असते, हे तोवर कुणी सांगितलंच नव्हतं.

खरं तर मी दुखऱ्या जागेवर लेझरचा प्रकाश मारून घ्यायच्या तयारीनेच आलो होतो. भाच्याने मोबाइलवर दाखवलं होतं. तुम्ही मात्र यंत्राला हात न लावता विचारत बसलात. चावताना दुखून थांबलं की बरं वाटतं का? नजर अंधुक होते का? केसांतून फणी फिरवताना कानशील दुखतं का? माझं टक्कल बघून तुम्हालाच हसू आलं. पण रक्त तपासायला पाठवलंतच. उतारवयात कानशिलाची रक्तवाहिनी सुजली तरी जबडा असाच दुखतो आणि दुर्लक्ष झालं तर दृष्टी जाऊ शकते, हे तुम्ही रिपोर्ट चांगला आल्यावर सांगितलंत. आधी सांगितलं असतंत तर त्या रात्री मला झोप लागली नसती.

मग ती बारा सिटिंग्ज, आठवड्याला दोन. डोळ्यांवर तो जाड चष्मा, कानापुढे पेनासारखी दांडी. चटका नाही, टोचणं नाही. प्रकाश डोळ्यांना दिसणारा नाही, ८१० नॅनोमीटरचा, म्हणून मी दोनदा विचारलं, "चालू आहे ना?" एका जागेचं काम झालं की यंत्र टिंग करायचं. आमच्याकडे सिंगल बेल म्हणजे गाडी थांबवा, त्यामुळे दर वेळी मी उठायला बघायचो. मग गालाच्या स्नायूवर, मग कानशिलावर. पेशींतली ऊर्जा तयार करणारी यंत्रणा हा प्रकाश शोषते, असं तुम्ही समजावलंत. बुडापेस्टच्या मेस्टर डॉक्टरांची गोष्टही सांगितलीत: १९६७ साली लेझरने कॅन्सर होतो का ते पाहायला गेले, तर उंदरांच्या भादरलेल्या पाठीवर केस लवकर उगवले. मी लगेच टक्कल पुढे केलं. तुम्ही नाही म्हणालात.

आभार मानायचे ते मुख्यतः या नाही म्हणण्याचे. "काही अभ्यासांत लेझरचा गुण दिसतो, काहींत बंद यंत्र नुसतं टेकवलं तरी तेवढाच आराम पडतो," हे तुम्ही पहिल्याच दिवशी, पैसे घेण्याआधी सांगितलंत. खरी भानगड माझ्या चौदा वर्षं जुन्या कवळीत आहे, तिचे दात झिजून सपाट झालेत, जबडा जास्त मिटतो आणि सांध्यावर ताण येतो, हेही सांगितलंत. नवी कवळी करायला लावलीत. हनुवटीला हात लावून टीव्ही बघणं बंद केलंत. जीभ टाळूला लावून तोंड उघडायचा व्यायाम माझ्याबरोबर स्वतः करून दाखवलात, बाहेर पेशंट खोळंबले होते तरी.

पहिल्या दिवशी तुमच्या प्लास्टिकच्या पट्टीवर तोंड २७ मिलिमीटर उघडलं होतं, शेवटी ३८. कशाने किती फरक पडला, प्रकाशाने, कवळीने की व्यायामाने, ते तुम्हीही छातीठोकपणे सांगितलं नाहीत. मी आणखी चार सिटिंग्जचे पैसे काढले होते. तुम्ही म्हणालात, "काका, आता पुरे."

परवा भाजलेलं कणीस दाण्यादाण्याने सोलून खाल्लं. थेट चावायची तुमची परवानगी नाही, लक्षात आहे. मंगळवारी येतोय. नवी कवळी डावीकडे टोचतेय, जरा घासून द्या.

तुमचा,
काका