काळाघोड्याचे फूट नकोत, आमच्या गल्लीचे तास सांगा
(वडोदरा महानगरपालिकेच्या आयुक्तांना खुले पत्र)

माननीय आयुक्त साहेब,
सादर नमस्कार.

मी दांडिया बाजारात बसून छोट्या दुकानांचे हिशेब लिहिते. किराणा, झेरॉक्स, टेलर, मिक्सर दुरुस्तीवाले. यांतले बरेच जण सयाजीगंज, फतेगंज, अकोटा या भागांतले, म्हणजे विश्वामित्री नदीच्या काठाशी. गुजराती प्रत आपल्या कार्यालयात वेगळी देत आहे.

ऑगस्ट 2024 मध्ये नदी काळाघोड्यापाशी, म्हणजे शहरातल्या ज्या पुलाजवळ तिची पातळी मोजतात तिथे, 35 फुटांच्या वर गेली. धोक्याची खूण 25 ची. दिवस गोकुळाष्टमीचे, गणपती दोन आठवड्यांच्या आत आलेले, नवरात्रीचा माल उधारीवर भरलेला. वर्षातले सर्वांत जास्त भांडवल फळ्यांवर असते तेव्हाच आपली नदी चढते. नदी खोल-रुंद करण्याचे काम झाले, होते आहे, त्याबद्दल आभारच. पण 31 जुलै 2019 ला एका दिवसात वीसेक इंच पाऊस कोसळला होता. तसा पुन्हा कोसळला तर दुकानदाराने त्या दिवशी काय करायचे, एवढाच माझा विषय.

पावसाळा लागला की मोबाईलवर आकडे फिरतात. आजवा तलाव 212 फूट, काळाघोडा 22 फूट. आकडे बरोबर असतात, पण अकोट्यात तळमजल्यावर झेरॉक्स मशीन असलेल्याने त्यांचे करायचे काय? पाणी उंबऱ्याला कधी लागेल हे त्याला कळले, तर तो चार माणसे आणि हातगाडी बोलावील. ते मशीन एकट्याने उचलण्यासारखे नसते. शिवाय नदी शहराच्या मधून जाते. दुकान एका काठाला, घर दुसऱ्या काठाला, आणि पूल बंद झाल्यावर आलेला इशारा घरबसल्या वाचण्यापुरता उरतो.

म्हणून प्रत्येक बाजारात एका खांबावर 2024 च्या पाण्याची रेघ मारा आणि तिच्याखाली लिहा : काळाघोड्याला इतके फूट झाले की इथे घोटाभर, इतके झाले की कमरेएवढे. वॉर्ड ऑफिसला हे अवघड नाही, भिंतींवरचे डाग लोक अजून बोट ठेवून दाखवतात. आजव्यातून पाणी सोडायचे ठरले की त्या त्या बाजाराला पूल उघडे असतानाच निरोप जावा. तोही अंदाजे तासांत. अंदाज चुकला तर आम्ही बोलणार नाही. (थोडे बोलू.)

पाणी ओसरल्यावरचे हाल वेगळे. विम्याचा सर्वेअर म्हणतो, मी पाहीपर्यंत भिजलेला माल हलवू नका. कचऱ्याची गाडी म्हणते, रोगराई होईल, आजच बाहेर काढा. दोघेही आपापल्या जागी बरोबर, आणि मधल्यामध्ये दुकानदार चिखलात उभा. वॉर्डातल्या कोणी तारखेसह फोटो काढून पंचनाम्यावर सही दिली आणि विमा कंपन्यांनी ती मानावी असे आपण त्यांच्याशी आधीच ठरवून घेतले, तर हा तिढा सुटेल. ज्यांचा विमाच नाही त्यांना 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' ही 2021 पासूनची पॉलिसी कोणीतरी समजावून सांगायला हवी, तिच्यात पूर धरलेला आहे. बँकेने कर्जाबरोबर उतरवलेल्या विम्यात काय आहे, हे माझ्याकडच्या निम्म्या लोकांनी कधी वाचलेले नाही.

सरकारी मदतीचेही तेच. 2024 च्या पॅकेजमध्ये लारीवाल्याला (हातगाडीवाल्याला) 5,000 रुपये आणि महिना 5 लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या पक्क्या दुकानाला 85,000 रुपये होते. ही उलाढाल जीएसटी विवरणपत्रावरून धरायची होती. पण वर्षाला 40 लाखांच्या आत माल विकणाऱ्याला नोंदणीची सक्तीच नाही. मग त्याने विवरणपत्र आणायचे कुठून? बिलबुक तर लगदा होऊन गेलेले, पाने सुटी करायला जावे तर शाई बोटांना येते. साहेब, त्याचा गुमास्ताधारा, म्हणजे दुकानाची नोंदणी, आपल्या दप्तरी आहे, व्यवसाय कराची पावती आपणच फाडलेली आहे. पुराव्यासाठी भिजलेल्या माणसाकडे कागद मागण्याआधी स्वतःचे कपाट उघडा. दुकानांची वॉर्डवार यादी मे महिन्यातच तयार ठेवली, तर मदतीच्या रांगेत सिद्ध करायला फार काही उरणार नाही.

खांबावरच्या रेघांचे काम मात्र जूनच्या आत व्हावे. सुरुवात सयाजीगंजपासून करा. कुठल्या दुकानात किती पाणी होते ते सांगायला मी आणि माझे दुकानदार आपल्या माणसांबरोबर गल्लोगल्ली फिरायला तयार आहोत.

आपली,
दांडिया बाजारातील एक हिशेबनीस