माझ्या पोरीचा तान्ह्या पोळ्याचा बैल आणि त्या काकांचं पत्र

मा. संपादक साहेब, नमस्कार जी.

मागच्या रविवारी तुमच्या पेपरात एका काकांचं पत्र छापून आलं होतं, की मोबाइल आणि लॅपटॉपच्या गेमपायी पोरं वाया चालली, हाताला काही काम राहिलं नाही, आमच्या वेळी आम्ही मातीचे बैल करायचो वगैरे वगैरे. वाचलं आणि दिवसभर मशीनवर बसून तेच डोक्यात घोळून राहिलं. काकांचं सगळंच चुकलं असं नाही, माझाही पोरीवर रोज आरडाओरडा असतोच, पण ते मातीच्या बैलाचं लिहिलं ना त्यांनी, तिथे मी अडली. कारण माझी पोरगी अख्खा उन्हाळा घरात बसून बैलच बनवत होती. गेममधला.

मी नागपूरच्या महाल भागात राहते, २६ वर्षांपासून ब्लाऊज आणि ड्रेस शिवते. कॉम्प्युटरमधलं मला पहिले काहीच कळत नव्हतं, जे कळलं ते तिच्या बाजूला बसून हुक-काजं करता करता पाहिलेलं आहे, आणि हे पत्रही तिनेच टाइप करून दिलं, त्यामुळे कुठे चुकलं असेल तर दोघींचं.

गेम आहे माइनक्राफ्ट. स्वीडनच्या मोजांग कंपनीचा, २०११ मध्ये पक्का बाहेर आला, आणि २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने ती कंपनीच अडीच अब्ज डॉलरला विकत घेतली. सगळं जग चौकोनी ठोकळ्यांचं, गाय चौकोनी, मेंढी चौकोनी, सूर्यसुद्धा चौकोनी. पोरगी म्हणे आई यात गाय आहे, डुक्कर आहे, लांडगा आहे, पण आपला बैल नाही. मी म्हटलं मग काय झालं, नाही तर नाही. तर म्हणे आपण टाकू शकतो. याला मोड म्हणतात, म्हणजे दुसऱ्याने बनवलेल्या गेममध्ये आपल्या हातचं काही घालायचं.

आता हे काम कसं होते ते काकांसाठी जरा सविस्तर लिहिते, कारण खेळणं वेगळं आणि हे वेगळं, हेच मला सांगायचं आहे.

ब्लॉकबेंच नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर आहे, त्यात ठोकळे जोडून जनावर उभं करायचं. गेममधला एक ब्लॉक म्हणजे एक मीटर, आणि ब्लॉकबेंचमध्ये त्याचे १६ खाने पडतात. पोरीने काय केलं, आमच्या घरचा तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल काढला (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं घरोघरी नेतात तो), माझी टेप घेतली आणि मापं लिहिली. उंची ९ इंच. आता ९ इंचाचे खाने केले तर पुरे चारसुद्धा भरेना, एवढासा बैल गवतात दिसणारच नाही, म्हणून सहापट केला, २२ खाने आले. हा सगळा हिशोब तिने माझ्याच माप-वहीच्या मागच्या पानावर केला, वर एका गिऱ्हाइकाचं छाती-कंबर आणि खाली बैलाचं वशिंड!

मग त्याला कापड चढवायचं. कापडच म्हणते मी, ती टेक्श्चर म्हणते. ६४ बाय ६४ टिंबांचं एक सपाट चित्र असते आणि ते बैलाच्या अंगावर बसवायचं असते, त्याला यूव्ही म्हणतात, आणि ते समजावता समजावता पोरगी रडकुंडीला आली. मी पाहिलं आणि म्हटलं अगं हे तर कटिंग आहे. शिवलेला ब्लाऊज पूर्ण उसवून टेबलावर पसरला की पाठ इकडे, पुढचा भाग तिकडे, बाह्या वेगळ्या, तसंच हे बैलाला उसवून पसरलेलं आहे, डोक्याचे सहा तुकडे, पोटाचे सहा. तुकडा कुठला कुठे जातो हे डोक्यात ठेवून रंग भरायचा. त्या दिवशी आमच्या घरात पहिल्यांदा मी कॉम्प्युटर शिकवला, हसू नका. झुलीवर तिने ॐ काढला होता तर एका बाजूला बरोबर आणि दुसऱ्या बाजूला उलटा, आरशात पाहिल्यासारखा, कारण दोन्ही बाजूंना एकच तुकडा आरसा करून वापरला होता. प्रिंटच्या कापडात नवीन पोरी हीच चूक करतात, एक बाही सुलटी, एक उलटी. मग दोन्ही बाजूंचे तुकडे वेगळे बेतले.

सगळ्यात मोठा घोळ चाकांचा. लाकडी बैलाला चाकं असतात आणि ती फिरली पाहिजेत. प्रत्येक भाग कुठल्या बिंदूभोवती फिरेल तो ठरवावा लागते, पिव्होट म्हणतात त्याला, माझ्या भाषेत मुंढा. बाही मुंढ्यावरच बसली पाहिजे ना जी, कोपरावर मुंढा ठेवला तर हात हलेल कसा? हिने चाकाचा पिव्होट मधोमध न ठेवता कडेला ठेवला, तर बैल गेममध्ये असा उड्या मारत निघाला की आम्ही दोघी पोट धरून हसलो. त्याच्या आधी तर तो उलटा चालायचा, मागचं पुढे करून, कारण जनावराचं तोंड ब्लॉकबेंचमध्ये उत्तरेकडे ठेवावं लागते आणि हिने दक्षिणेकडे ठेवलं होतं.

आणि त्याच्याही आधी, पहिल्या दिवशी, बैल दिसतच नव्हता. फक्त सावली. गवतावर एक काळी गोल सावली फिरून राहिली आणि बैलाचा पत्ता नाही. रात्री साडेअकरापर्यंत शोधलं. जनावराच्या दोन पिशव्या असतात, एकीत त्याचं दिसणं म्हणजे रिसोर्स पॅक, दुसरीत त्याचं वागणं म्हणजे बिहेवियर पॅक, आणि दोन्हीत बैलाचं नाव अक्षर न् अक्षर एकच पाहिजे. हिने एकीत 'बैल'च्या स्पेलिंगला एक आय जास्त दिला होता. एका आयसाठी चार तास! एक दुपार तर अशी गेली की ४५ डिग्री ऊन, लाइट गेली, कूलर बंद, आणि लॅपटॉप सेकंडहँड, बॅटरी मेलेली, सेव्ह केलेलं नव्हतं. शिंगं पुन्हा लावली बिचारीने.

दुसरा बैल मग तिने पायांवर चालणारा केला. यात मला जे आवडलं ते सांगते. पाय पुढे-मागे हलवायला कोसाइन लागतो. दहावीच्या पुस्तकातला तोच कोसाइन, जो ती सकाळी तोंड वाकडं करून पाठ करते. पुढचा डावा आणि मागचा उजवा पाय सोबत जातात, बाकी दोघांना फक्त वजा चिन्ह दिलं की ते बरोबर उलटे जातात. आकडा मोठा केला की बैल ढांगा टाकते, लहान केला की म्हातारा होते. हे कळलं त्या दिवशी पुस्तक स्वतःहून उघडलं तिने, मी देवाशपथ सांगते. (दुसऱ्या दिवशी पुन्हा बंद, ते जाऊ द्या.)

वागण्याचंही तिने लिहिलं, हातात गहू धरला की बैल मागे मागे येते, आणि त्याला हात लावला की एक बिस्किट पडते, तो म्हणे बोजारा. यावर आमचं भांडण झालं. बोजारा बैल देत नाही, बैल घेऊन आलेल्या पोराला घरवाले देतात. तर म्हणे गेममधल्या गावकऱ्याला द्यायला लावणं अजून जमत नाही आई, तोवर बैलाकडून घे.

काकांनी लिहिलं की यातून निघते काय. तर या गेममधला सगळ्यात नावाजलेला राक्षस, तो हिरवा क्रीपर जो फुसफुस करत येते आणि फुटते, तो चुकीतूनच निघालेला आहे. गेम बनवणारा मार्कस पर्सन डुक्कर बनवत होता आणि लांबी-उंचीचे आकडे अदलाबदल झाले, डुक्कर आडवं व्हायचं ते उभं झालं. आपल्याकडे असं कापड कापल्या गेलं तर मालक पगार कापते. आणि ज्या काउंटर-स्ट्राइकच्या नावाने आपण पोरांना शिव्या घालतो तोसुद्धा आधी १९९९ मध्ये हाफ-लाइफ या गेमवर दोन पोरांनी केलेला मोडच होता, नंतर हाफ-लाइफवाल्या कंपनीनेच तो विकत घेतला. माझी पोरगी यातून लाखो कमावणार असं मी मुळीच म्हणत नाही, तिला तर अजून मशीनमध्ये धागा ओवता येत नाही.

धोके आहेत, ते लपवत नाही. २०२३ च्या जूनमध्ये कर्सफोर्ज या मोडच्या मोठ्या साइटवर मोडच्या फाइलीतून व्हायरस पसरला होता, पासवर्ड चोरणारा. म्हणून आमच्या घरी नियम आहे, अनोळखी फाइल उघडायची नाही आणि काही टाकायच्या आधी गेमच्या जगाची एक कॉपी बाजूला काढून ठेवायची. दुसरं म्हणजे काही पोरं दुसऱ्या गेममधून तयार जनावर उचलतात आणि माझंच म्हणून वाटतात, वर पैसेही मागतात. माझं डिझाइन शेजारच्या दुकानात लटकलेलं मी पाहिलं आहे एकदा, त्यामुळे याच्यावर मी पोरीला चांगलंच झापलं आहे.

आता माझं गाऱ्हाणं. हे सगळं शिकायला पोरीला जे मिळालं ते इंग्रजीत किंवा हिंदीत, मराठीत आम्हाला धड काही सापडलं नाही. तिचं इंग्रजी बेताचं, व्हिडिओ थांबवून थांबवून पाहते आणि अर्ध्या गोष्टी अंदाजाने करते. तुमच्या पेपरात पोरांचं पान येते, त्यात कित्येक वर्षांपासून टिंबं जोडा आणि चित्र रंगवा. साहेब, तिथेच दर आठवड्याला अर्धा कॉलम द्या ना, एका आठवड्यात ठोकळे कसे जोडायचे, दुसऱ्यात कापड कसं चढवायचं, साध्या मराठीत. वाघ करा, पेंचचा नाहीतर ताडोब्याचा, नागपूरचं कोणतं पोरगं नाही म्हणेल? आणि आपल्याला तर जनावरं आणि भुतं बनवायची जुनीच सवय आहे. मारबत म्हणजे तान्ह्या पोळ्याला मिरवणुकीने नेऊन जाळतात तो बाईचा भला मोठा पुतळा, आणि बडग्या म्हणजे तसाच पुरुषाचा. काळी मारबत १८८१ पासून निघते, पिवळी १८८५ पासून, आणि बडगे तर दरवर्षी नवे, ज्याचा राग त्याचा बडग्या. कागद-बांबूचं चालते तर ठोकळ्याचं काहून नाही?

पोरगी सध्या काळ्या मारबतीच्याच मागे लागली आहे. अडचण अशी की मारबत दिसते मोठी पण तिला धक्का लागायची जी अदृश्य पेटी असते ती वेगळी द्यावी लागते. पेटी लहान ठेवली तर मारबतीचे हात भिंतीतून आरपार जातात, मोठी केली तर ती गल्लीतच अडकून बसते. खऱ्या मारबतीलाही तारा उचलून वाट करून द्यावी लागते म्हणा.

त्या काकांना माझा निरोप द्या. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्याकडे या, मारबत गेली की. लाकडी बैल दारात राहील आणि दुसरा लॅपटॉपवर, दोन्ही पाहा आणि मग काय लिहायचं ते लिहा. पेपरात माझं नाव छापू नका, पण काकांना पत्ता द्यायला हरकत नाही. फक्त बोजारा घेऊन या म्हणावं, पोरगी दोन बैलांचा मागणार आहे.

आपली वाचक,
एक शिवणवाली,
महाल, नागपूर