दम लागतो म्हणून चालणे सोडू नका

संपादक महोदय,

२८ जून १९८७ रोजी इराणमधील सरदश्त शहरावर इराकी विमानांनी मस्टर्ड वायूचे, म्हणजे कातडी आणि फुप्फुसे पोळवणाऱ्या विषारी रसायनाचे, बॉम्ब टाकले. त्यातून वाचलेल्या कित्येकांना पुढे आयुष्यभर दम लागत राहिला. बारीक श्वासनलिका कायमच्या आकसतात. मग माणूस धास्तीने बसून राहतो, मांड्यांचे स्नायू सुकतात आणि थोड्याशा चालण्यानेही धाप लागते. हे दुसरे नुकसान मात्र बरेचसे भरून काढता येते. सुताच्या धुळीने छाती धरलेल्या आपल्या यंत्रमाग कामगारांचे दुखणेही याच वळणाने जाते, म्हणून हे पत्र.

डॉक्टरांनी श्वासनलिका मोकळ्या करणारा पंप दिला असेल तर तो चालण्याआधी १५ मिनिटे घ्यावा. २ मिनिटे चालावे, १ मिनिट थांबावे, असे सुरुवातीला १० मिनिटे. दर आठवड्याला २ मिनिटे वाढवावीत. चालताना बोलता यावे, गाणे म्हणता येऊ नये, एवढाच वेग. नाकाने २ अंक मोजत श्वास आत, ओठांचा चंबू करून ४ अंक मोजत बाहेर. खुर्चीतून उठताना बरेच जण श्वास रोखतात, तिथेच घात होतो; उठताना श्वास सोडायचा. बोटाला लावून रक्तातला प्राणवायू मोजणाऱ्या ऑक्सिमीटरचा आकडा ८८ टक्क्यांच्या खाली गेला तर थांबावे. बोटाला गडद मेंदी असेल तर आकडा चुकू शकतो.

एप्रिल-मेमध्ये सोलापूरच्या उन्हात सकाळी ७ नंतर फिरू नये. रस्ते झाडायची वेळही टाळावी. बाहेर पडता आले नाही, त्या दिवशी घरातल्या घरात चालले तरी चालेल.

— छातीच्या विकारांवर काम करणारे फिजिओथेरपिस्ट, सोलापूर