‘गुलामगिरी’ची अर्पणपत्रिका आणि ओहायोकाठचे रिप्ली

मा. संपादक,
स. न. वि. वि.

महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केला. हे सज्जन कोण, असे विचारले तर आपल्याकडे लिंकन यांच्यापुढे नाव निघत नाही. भाषणांत नाही, जयंतीच्या लेखांतही नाही. म्हणून पळालेल्या गुलामांना आसरा देणारी माणसे जिथे राहिली, त्या ओहायो राज्यातल्या रिप्ली या गावाबद्दल लिहीत आहे.

सिनसिनाटीपासून वरच्या अंगाला सुमारे ८० किलोमीटरवर, ओहायो नदीला खेटून असलेले हे दीड-दोन हजार वस्तीचे गाव. व्हर्जिनियाहून आलेल्या जेम्स पोग यांनी १८१२ मध्ये ते वसवले. बोटी बांधणे, डुकराच्या मांसाचा व्यापार, पुढे तंबाखूची पेठ यांवर गाव जगले. पण त्याचे नशीब ठरवले पैलतीराने. पलीकडे केंटकी, म्हणजे गुलामीला मान्यता देणारे राज्य. हद्दही नदीच्या मधोमध नाही, ओहायोच्या काठाशी आहे. होडीतून येणाऱ्याचा पाय रिप्लीच्या चिखलात टेकेपर्यंत तो मालकाच्याच राज्यात असे. टेकल्यावरही सुटका नव्हती, कारण पळालेल्या गुलामाला ओहायोतून धरून नेण्याची मुभा देशाचा कायदाच देत होता. जीव सुरक्षित व्हायचा तो थेट कॅनडात.

गावामागच्या टेकडीवर जॉन रँकिन या पाद्रींचे विटांचे घर आजही उभे आहे. पळून येणाऱ्यांना खूण म्हणून तिथे लावलेला दिवा केंटकीच्या काठावरून दिसे. व्हर्जिनियातल्या भावाने गुलाम विकत घेतल्याचे कळल्यावर रँकिन यांनी त्याला पत्रांमागून पत्रे लिहिली आणि ती गावच्याच ‘कॅस्टिगेटर’ या वर्तमानपत्रात छापून आणली. १८२६ मध्ये त्यांचे पुस्तक झाले. भावाने पुढे आपले गुलाम सोडून दिले, आणि १८३२ मध्ये विल्यम लॉइड गॅरिसन यांनी आपल्या ‘लिबरेटर’ या गुलामीविरोधी वर्तमानपत्रात तीच पत्रे पुन्हा छापली. एका खेड्यातल्या वर्तमानपत्राने एवढे काम केले, याचे मोल आपल्याला मी सांगायला नको.

मला मात्र त्याहून जवळचे वाटतात ते जॉन पार्कर. ते स्वतः गुलाम म्हणून जन्मले. आठव्या वर्षी विकले गेले, साखळीने जखडलेल्या माणसांबरोबर त्यांना दक्षिणेकडे चालवत नेले. ओतकाम शिकून, मजुरी साठवून १८४५ मध्ये त्यांनी १८०० डॉलरला स्वतःलाच विकत घेतले. मग रिप्लीत लोखंडाचा ओतकारखाना काढला. दिवसा भट्टी, रात्री होडी. एका जोडप्याने पळून जाऊ नये म्हणून मालक त्यांचे तान्हे मूल रात्री आपल्या पलंगाच्या पायथ्याशी ठेवत असे, उशाजवळच्या खुर्चीवर पिस्तुले. पार्कर त्या खोलीत शिरले, मूल उचलले आणि तिघांनाही नदीपार आणले.

सोडवलेल्यांची नावे आणि तारखा ते एका वहीत लिहून ठेवत. पळालेल्या गुलामांबाबतचा १८५० चा कडक कायदा आला. मदत करणाऱ्याला १००० डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद. पुरावा नको म्हणून पार्कर यांनी ती वही आपल्याच भट्टीत टाकली. शेकडो माणसांची नावे त्या आगीत गेली, याची मला अतोनात हळहळ वाटते. १८८० च्या दशकात एका पत्रकाराने त्यांच्या तोंडून ऐकून टिपलेल्या आठवणीही ड्यूक विद्यापीठात पडून राहिल्या आणि १९९६ मध्ये पुस्तकरूपाने आल्या.

सगळे रिप्ली या कामात होते असे मुळीच नाही. बक्षिसाच्या आशेने गुलाम धरणारे त्याच रस्त्यांवर गस्त घालत. रँकिन यांच्या घरावर १८४१ मध्ये हत्यारबंद टोळी चालून आली, तेव्हा मुलांनी बंदुका घेऊन ती परतवली. शेजारी विरोधात असताना वर्षानुवर्षे हे करत राहणे किती कठीण असेल, हे ज्यांनी फुले दांपत्याची पुण्यातली वर्षे वाचली आहेत त्यांना वेगळे सांगावे लागणार नाही.

रँकिन आणि पार्कर, दोघांची घरे आज संग्रहालये आहेत. मुलांकडे अमेरिकेला जाणारे आपले लोक नायगारा पाहून परततात. ओहायोत उतरणाऱ्यांनी एक दिवस रिप्लीसाठी काढावा. आपल्यालाही विनंती, की येत्या ११ एप्रिलच्या अंकात ‘गुलामगिरी’वर लेख येईल तेव्हा त्याच्या शेजारी या दोघांसाठी अर्धा स्तंभ राखून ठेवावा.

आपला,
एक वाचक, सातारा