शिडी येईल, पण दाराचं काय?

महोदय,

अग्निशमन दलासाठी नवी उंच शिडी येणार, ही बातमी आपण पहिल्या पानावर फोटोसकट छापलीत. शिडी हवीच. पण लीडिंग फायरमन म्हणून निवृत्त झालेला माणूस या नात्याने सांगतो, फ्लॅटमधल्या आगीच्या वर्दीवर आमची पहिली झटापट जिना चढून गेल्यावर बंद दाराशी होते. तिथे कामाला येतात पहार, कुऱ्हाड आणि घण. त्यांचा फोटो कोण छापणार?

आमच्या उमेदीच्या काळात बंबावर एवढंच सामान असायचं. दार उचकटायचा हॅलिगन नावाचा दांडा मी फार उशिरा हातात धरला. न्यूयॉर्कच्या दलातले अधिकारी ह्यू हॅलिगन यांनी १९४८ साली तो घडवला. अडीच फूट लांब, वजन चारेक किलो. एक टोक दुबेळकं, दुसऱ्या टोकाला काटकोनात एक चपटं पातं आणि एक अणकुचीदार सुळा. गंमत म्हणजे माल आपल्याच अधिकाऱ्याचा म्हणून त्यांच्या दलाने तो सुरुवातीला घेतलाच नाही. बोस्टनने आधी घेतला, आणि न्यूयॉर्कचे जवान पदरचे पैसे घालून तो आणत. सरकारी खरेदी इथूनतिथून सारखीच!

आता आपल्याकडची दारं बघा. बाहेरचं सेफ्टी डोअर पॅसेजकडे उघडतं, आतलं लाकडी दार घरात. म्हणजे एकाच उंबऱ्यावर दोन उलट कामं. बाहेर उघडणाऱ्या दाराला कुलपाच्या जरा वर फटीत चपटं पातं ठोकायचं आणि दांडा खेचून दार चौकटीपासून सोडवायचं. आत उघडणाऱ्याला दुबेळकं टोक फटीत घालायचं, जोडीदाराने कुऱ्हाडीच्या पाठीने ते चौकटीच्या आत जाईपर्यंत हाणायचं, मग दांडा दाराकडे रेटायचा. नुसतं लॅच असेल तर ते चटकन सुटतं. वर-खाली टॉवर बोल्ट, मध्ये कडी, शिवाय लोखंडी पट्टी असेल तर प्रत्येक ठिकाणी नव्याने झुंजायचं, तेही तोंडावर मास्क, पाठीवर सिलिंडर आणि पॅसेजमध्ये वीतभर जागा.

खाली जमलेले लोक ओरडतात, “अरे तोडा ना, बघताय काय!” त्यांना दिसत नाही की आम्ही आधी दार ढकलून बघतो, कारण घाबरून पळालेला माणूस कुलूप लावत बसत नाही. होजमध्ये पाणी येईपर्यंत मुद्दाम थांबतोही. कोंडलेल्या आगीला दार उघडून हवा मिळाली की ती भडकून अंगावर येते. म्हणून दार फोडल्यावरही एकाने ते हातात धरून ठेवायचं असतं.

खिडक्यांचं तर विचारूच नका. बारा एमएमच्या चौकोनी सळ्यांचा पिंजरा भिंतीत पक्का, त्यात कुंड्या, जुना कूलर, सायकल. तो पहारीने निघत नाही, हायड्रॉलिक कटर लागतो, आणि तो वर पोचेपर्यंत आतल्याने काय करायचं? ग्रिल बनवून घेताना त्यात माणूस बाहेर पडेल एवढी बिजागरीची झडप ठेवायला सांगा. आतून नुसती कडी पुरे. कुलूप लावायचंच असेल तर किल्ली खिडकीजवळच, पण बाहेरून हात पोचणार नाही अशा ठिकाणी टांगा आणि घरातल्या पोरांनाही दाखवून ठेवा.

आणि गच्चीचं दार! धूर वर चढतो, घाबरलेले लोकही वरच धावतात, आणि तिथे कुलूप. किल्ली सेक्रेटरींकडे, सेक्रेटरी गावाला. २००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक कायद्याप्रमाणे दर जानेवारी-जुलैत सोसायटीला आगीची यंत्रणा चालू असल्याचा परवानाधारक एजन्सीचा दाखला द्यावा लागतो, आणि पंप, हायड्रंट (बंबाला पाणी देणारे नळ), आग विझवायची नळकांडी तरी तपासली जातात. पण तपासणीला आलेल्या माणसाला गच्चीपर्यंत घेऊन जाणाऱ्या सोसायट्या किती?

आपल्या शनिवारच्या घरांविषयीच्या पुरवणीत “सात ठिकाणी लॉक होणारं दार” अशा जाहिराती असतात. त्या जरूर छापा, आपलाही संसार आहे. फक्त त्याच पानावर एकदा ग्रिलच्या झडपेचं मापासकट चित्र छापाल का? फॅब्रिकेशनवाल्याला तोंडी सांगून समजत नाही, कात्रण दाखवलं की तो बनवून देतो.

— एक निवृत्त लीडिंग फायरमन, डोंबिवली