बंदीच्या दोन महिन्यांत बंदरावर वर्ग भरवतोय, हातभार लावा

सप्रेम नमस्कार.

दापोली तालुक्याच्या किनाऱ्यावर मासळी विकणाऱ्या, निवडणाऱ्या आणि सुकवणाऱ्या बायकांचं आमचं मंडळ आहे. येत्या पावसाळी मासेमारी बंदीत, म्हणजे १ जून ते ३१ जुलै या काळात, बंदरावर काम करणाऱ्यांसाठी स्त्री-पुरुष समानतेचे वर्ग घ्यायचं आम्ही ठरवलं आहे. पैसे कमी पडताहेत, म्हणून हे पत्र.

वर्ग म्हटलं की ते बायकांसाठीच असणार, असं सगळे धरून चालतात. चारपैकी एक बायकांचा आहेच. उरलेले तीन मच्छीमार सोसायट्यांचे सचिव आणि कारकून, लिलाव पुकारणारे, तांडेल म्हणजे बोटीचे कप्तान, खलाशी, बर्फवाले आणि टेम्पोवाले यांच्यासाठी आहेत. बायकांना आजवर बरंच शिकवून झालंय. बचत गट झाले, लोणची-मसाले झाले, कोळंबीचं मूल्यवर्धनही झालं. शिकून त्या ज्या टेबलापुढे जाऊन उभ्या राहिल्या, त्या टेबलामागच्या माणसाला मात्र कुणीच काही शिकवलं नव्हतं.

एक नेहमीचा प्रसंग सांगतो. विम्याचा किंवा कसला तरी फॉर्म भरायचा असतो. समोर बसलेली बाई पहाटे चारला उठून बंदरावर गेलेली असते, मासळी निवडून, पाटी विकून परत आलेली असते, हाताला अजून मांदेलीचे खवले चिकटलेले असतात. कारकून नाव विचारतो, वय विचारतो, आणि व्यवसायाच्या रकान्यात न विचारताच 'गृहिणी' लिहून मोकळा होतो. बाईही काही बोलत नाही. तिलाही ते बरोबरच वाटतं. त्या एका रकान्यामुळे पुढे ती मच्छीमार म्हणून कुठल्याच यादीत येत नाही. सोसायटीचं सभासदत्व, किसान क्रेडिट कार्ड, नुकसानभरपाई, सगळं त्या यादीवरूनच ठरतं.

निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० ला आलं, तेव्हा हे फार जवळून पाहिलं. पंचनामे झाले ते होड्यांचे आणि जाळ्यांचे. पावसाळ्याच्या बेगमीला सुकवून ठेवलेले बांगडे, वाकट्या, जवळा, सोडे भिजून कुजले. शीतपेट्या वाहून गेल्या. तो माल बायकांचा, भांडवल बायकांचं, बऱ्याच जणींनी ते उसनं घेतलेलं. पंचनाम्याच्या कागदावर त्याला जागाच नव्हती, आणि ती करून घ्यावी असं लिहिणाऱ्याला सुचलंही नाही.

याहून जिव्हारी लागतं ते समुद्रात माणूस बेपत्ता होतो तेव्हा. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेखालच्या अपघात विम्यात मृत्यूला ५ लाख रुपये आहेत. पण शव मिळालं नाही तर मृत्यूचा दाखला अडतो, आणि बेपत्ता माणूस मेला असं कायदा धरतो ते ७ वर्षांनी. मधल्या काळात काय करता येतं, पोलिसांत नोंद कशी करायची, बोटीवरच्या सोबत्यांचे जबाब कधी घ्यायचे, कुठला कागद जपून ठेवायचा, हे त्या बाईला पहिल्या आठवड्यात कळायला हवं. आमच्याकडे तिला उत्तर मिळतं, "घरातल्या कुणा पुरुष माणसाला पाठव." ज्याला पाठवायचं तोच बेपत्ता आहे, हे बोलणाऱ्याच्या ध्यानातही येत नाही. तो दुष्ट नसतो, गावातलाच असतो. त्याला सवय नसते एवढंच. सवय बदलायची तर त्यालाच वर्गात बसवायला हवं.

याच योजनेत बायकांना ६० टक्के अनुदान मिळतं, सर्वसाधारण गटातल्या पुरुषांना ४०. चांगली गोष्ट आहे. पण मग बोट बायकोच्या नावावर होते, सह्या तिच्या, कर्ज तिच्या नावावर, आणि बोटीचा हिशेब तिला कुणी दाखवत नाही. हप्ते थकले की बँकेची नोटीस मात्र तिलाच. सही करण्याआधी तिला काय सांगायचं, हे सोसायटीच्या सचिवाला माहीत हवं. सहकार कायद्याने संचालक मंडळात बायकांना दोन जागा राखून ठेवल्या आहेत. त्या भरल्या जातात, पण सभेचा निरोप पुष्कळदा नवऱ्याकडे जातो आणि वहीवर अंगठा किंवा सही घरी होते. यावर फार लिहीत नाही, वाचणाऱ्याला ठाऊक आहे.

लिलावाच्या जागी आणि परतीच्या टेम्पोत जे बोललं जातं, जिथे मुद्दाम धक्का लागतो, त्याबद्दलही वर्गात उघड बोलणार आहोत. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा फक्त ऑफिसातल्या बायकांसाठी नाही. दहापेक्षा कमी माणसं असतील किंवा काम असंघटित असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते, तीही तीन महिन्यांच्या आत. आमच्या पाटीवाल्यांपैकी हे किती जणींना माहीत असेल? आणि टेम्पोवाल्यांपैकी?

जगभर छोट्या मासेमारीत राबणाऱ्या दर दहा माणसांत चार बायका आहेत, असं संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचा २०२३ चा अहवाल सांगतो. त्याच संघटनेने २०१४ मध्ये छोट्या मासेमारीसाठी मार्गदर्शक तत्त्वं मान्य केली, त्यात स्त्री-पुरुष समानतेचं प्रकरण वेगळं आहे. संघटनेच्या रोममधल्या मुख्यालयातला तो कागद आमच्या जेटीपर्यंत आपोआप येणार नाही.

वर्गात भाषणं नसतील. पहिल्या दुपारी प्रत्येकाने आपल्या चोवीस तासांचं घड्याळ कागदावर काढायचं: उठलो कधी, पाणी कुणी भरलं, डबा कुणी केला, जाळं कुणी धुतलं, मासळी कुणी विकली, पैसे कुणाच्या हातात गेले. बायका आणि पुरुष वेगवेगळे बसून काढतात आणि मग कागद शेजारी शेजारी लावतात. मंडळाच्या बैठकीत हे एकदा करून पाहिलं. एक जुने तांडेल तासभर वाद घालत होते की समुद्रावरचं काम आणि काठावरचं काम एका मापाने मोजताच येत नाही. त्यांचं म्हणणं सगळंच चूक नाही, जिवाचा धोका त्यांनाच आहे. असे वाद व्हावेत म्हणून तर हे चाललंय.

बंदीचे दिवस निवडले, कारण यांत्रिक बोटी तेव्हा किनाऱ्यावर ओढलेल्या असतात आणि पुरुष घरी असतात. बायका मात्र याच दिवसांत जास्त राबतात. ताजी मासळी नसते, सुक्याला भाव असतो, दापोली, मंडणगड, खेडच्या बाजारांत आणि वाड्यावाड्यांतून त्या फिरत असतात. म्हणून बायकांचा वर्ग बाजाराचे वार सोडून, दुपारी अडीच ते सहा. नेपाळी आणि उत्तर प्रदेशातले खलाशी बंदीत गावी जातात, त्यांचा वर्ग ते परतल्यावर, जुलैच्या शेवटच्या आठवड्यात, हिंदीत. त्यासाठी त्यांना मोकळं सोडायला बोटमालक तयार आहेत.

प्रत्येक वर्ग ३० जणांचा आणि चार दुपारींचा. दोन प्रशिक्षकांचं मानधन आणि प्रवास ४८,००० रुपये, बायकांच्या बुडालेल्या विक्रीची भरपाई दुपारी ३०० रुपयांप्रमाणे ३६,०००, चहा-नाश्ता १९,२००, चित्रांचे तक्ते आणि छपाई १०,८००, लहान मुलं सांभाळणाऱ्या दोघींना ४,०००. एकूण १,१८,०००. सभासदांच्या वर्गणीतून ४३,००० जमले आहेत. ७५,००० हवे आहेत.

शिकायला येणाऱ्यांना पैसे कशाला, असं काहींनी विचारलं. दुपारची फेरी चुकली तर त्या बाईच्या घरी त्या दिवशी पैसे येत नाहीत. नोकरदार माणूस प्रशिक्षणाला जातो तेव्हा त्याचा पगार कापतात का?

मुंबईला असलेल्या गाववाल्यांनी या वर्षी गणपतीच्या वर्गणीआधी ही वर्गणी द्यावी. हजार जमत असतील तर हजार, शंभर जमत असतील तर शंभर. रक्कम मंडळाच्या बँक खात्यातच भरावी किंवा कार्यालयात आणून द्यावी, पावती त्याच दिवशी मिळेल. कुणाच्याही वैयक्तिक मोबाइलवर पैसे पाठवू नयेत. आयकराची सवलत आमच्या पावतीवर मिळत नाही, हे आधीच सांगतो.

पैशाखेरीजही मदत हवी आहे. रत्नागिरीजवळच्या शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयातून शिकून गेलेल्यांनी योजनांच्या सत्रासाठी एक दुपार द्यावी. फॉर्म आणि दावे यांची माहिती असलेला वकील हवा आहे, खलाशांशी नेपाळीत बोलू शकणारं कुणी असेल तर फारच बरं. इन्व्हर्टर आठवडाभर उसना मिळाला तर चालेल, पावसात वीज कधी जाईल याचा नेम नसतो. नावं आणि रक्कम १५ मेपर्यंत कळवावी, म्हणजे बंदी लागायच्या आत प्रशिक्षकांना तारखा देता येतील. खर्चाचा पूर्ण हिशेब नारळी पौर्णिमेच्या आत जेटीवरच्या फलकावर लावू.

आपले,
मंडळाच्या सर्व सभासद भगिनी आणि कार्यकारिणी