सिग्नल बदलणारे यंत्र : विकणाऱ्यालाही शिक्षा हवी

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रुग्णवाहिका चौकाजवळ येताच सिग्नल आपोआप हिरवा व्हावा, ही मागणी आपल्याकडे वारंवार होते आणि ती रास्तच आहे. मात्र यंत्रणेच्या आधी तिचा गैरवापर रोखणारा कायदा हवा, असे अमेरिकेचा अनुभव पाहता वाटते.

तेथील अनेक शहरांत अग्निशमन दलाच्या गाडीवर अवरक्त किरणांचा दिवा असतो. सेकंदाला सुमारे १४ वेळा होणारी त्याची उघडझाप सिग्नलच्या दांड्यावरचा छोटासा संवेदक टिपतो. जुन्या यंत्रणेत ही ठरावीक उघडझाप हीच किल्ली असल्याने तिची नक्कल सोपी होती, आणि २००३च्या सुमारास असे दिवे काहीशे डॉलरना खासगी ग्राहकांनाही मिळू लागले. २००५मध्ये तिथल्या संसदेने कायदा केला : अनधिकृत वापरासाठी सहा महिन्यांपर्यंत, तर अनधिकृत माणसाला जाणूनबुजून विकल्यास एक वर्षापर्यंत कैद. विक्रेत्याला दुप्पट शिक्षा हेच मला या कायद्याचे मर्म वाटते, कारण धावत्या गाडीतला दिवा पोलिसाच्या नजरेस पडणे कठीण, पण जाहिरात करून विकणाऱ्याचा माग काढता येतो.

हा निव्वळ रांग मोडण्याचा प्रश्न नाही. मुलीकडे अमेरिकेत असताना आम्ही दोघे रस्ता ओलांडत होतो. समोरच्या पादचारी सिग्नलवरचे उलटे मोजले जाणारे सेकंद बारावर असतानाच विझले, ‘थांबा’ सांगणारा नारिंगी हात स्थिर झाला आणि गुडघेदुखीने हळू चालणारी माझी पत्नी रस्त्याच्या मध्यावर थबकली. पाठोपाठ बंब आला. तेथील नियमांनुसार अशा वेळी पिवळ्या दिव्याचा अवधी कमी करता येत नाही, पादचाऱ्यांचा मात्र करता येतो. आगीच्या बंबासाठी ते आम्ही आनंदाने सोसले; कोणाच्या कचेरीच्या घाईसाठी का सोसावे?

आपल्या मोटार वाहन कायद्यात २०१९च्या दुरुस्तीने आलेले कलम १९४-ई रुग्णवाहिका, अग्निशमन गाडी अशा आपत्कालीन वाहनांना वाट न देणाऱ्यापुरते आहे. अवयव नेताना पोलीस ‘ग्रीन कॉरिडॉर’ करतात, तेव्हा चौकात माणूस उभा असतो आणि कोणती गाडी सोडायची हे त्याला ठाऊक असते. यंत्राला ते सांगावे लागते. म्हणून महापालिकांनी निविदेतच प्रत्येक वाहनाला स्वतंत्र सांकेतिक क्रमांक आणि प्रत्येक वापराची नोंद बंधनकारक करावी, आणि राज्य शासनाने अशा उपकरणांच्या खासगी विक्रीवरील बंदीचा प्रस्ताव आताच केंद्राकडे पाठवावा, ही विनंती.

आपला,
एक ज्येष्ठ वाचक, पुणे